समुद्राकाठी पंच्याहत्तरीचं जेवण : जागा कशी निवडायची?

आज बचतीचं, कर्जाचं, व्याजाचं काही बोलायचं नाही. आज जेवणाचं बोलायचं आहे. लोहाऱ्याच्या आमच्या गटातल्या बायका समुद्राकाठी जेवायला गेल्या होत्या, हे आता सगळ्या तालुक्याला माहीत झालंय. तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतं, "कुठं गेला होता, कसं ठरवलं, किती पैसे लागले?" कुणाच्या आईची एकसष्टी आहे, कुणाच्या सासऱ्याची पंच्याहत्तरी आहे. म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांना सांगावं. आम्हाला जे आधी माहीत नव्हतं आणि विचारून विचारून कळलं, तेच जास्त सांगणार आहोत.

आमच्या गटात बारा जणी. त्यातल्या सगळ्यात वडील आक्का. गट सुरू झाला तेव्हापासून एकही बैठक न चुकवलेल्या. त्यांनी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माकणीचं धरण. एका बैठकीत आधार कार्डं गोळा करताना कुणाच्या तरी लक्षात आलं की, आक्कांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. आम्ही विचारलं, "आक्का, काय पाहिजे?" आम्हाला वाटलं लुगडं म्हणतील. त्या म्हणाल्या, "समिंदराकाठी बसून एक डाव जेवायचंय. घाई न करता."

'घाई न करता' हे तीन शब्द आम्ही वहीत लिहून ठेवले. पुढं जागा निवडताना तेच उपयोगी पडले.

पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, तारखेचा होता. आक्कांच्या आधारवर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९४९. आपल्याकडं ज्यांना तारीख माहीत नाही त्यांची एकतर १ जानेवारी लागते, नाहीतर शाळेत गेलेल्यांची १ जून. आक्का शाळेत गेल्या नाहीत म्हणून जानेवारी. त्यांची आई सांगायची की, पोलीस ॲक्शन झालं तेव्हा ही पोटात होती आणि येळवशीच्या सुमाराला जन्मली. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ चं. म्हणजे वर्ष बरोबरच लागलंय, दिवसही फार लांब नाही.

पण १ जानेवारीला समुद्रावर जायचं म्हणजे काय, ते आम्ही फोन लावल्यावर कळलं. नाताळ ते नववर्ष हा किनाऱ्यावरच्या धंद्याचा सगळ्यात मोठा हंगाम. खोल्यांचे भाव चढलेले, जेवायला रांग, आणि रांगेतल्या माणसाला कुणी 'सावकाश बसा आजी' म्हणत नाही. आपल्या घरच्यांची तारीख १ जून असेल तर उलटा त्रास. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रानं चालणाऱ्या होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत ताटात आलेला मासा बर्फातला, खाडीतला किंवा बाहेरून आलेला असतो. गोव्यात वाळूवर जी झावळ्यांची हॉटेलं असतात, ज्यांना ते शॅक म्हणतात, ती तर पावसाळ्याआधी मोडूनच ठेवतात. म्हणजे कागदावरच्या दोन्ही तारखा समुद्राला पटत नाहीत. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे की, तारखेचा हट्ट सोडा. ज्या माणसाला स्वतःची खरी तारीखच माहीत नाही, त्याचा वाढदिवस पंधरा दिवस पुढं गेला तर बिघडत नाही.

२०२४ साली येळवस ११ जानेवारीला होती. येळवशीला शेत सोडून कुठं जायचं नाही, त्यात चर्चाच नाही. नंतर १५ ला संक्रांत. पुढं २६ जानेवारी शुक्रवारी, म्हणजे जोडून तीन दिवस सुट्टी आणि पुन्हा गर्दी. मधे राहिला तो आठवडा. त्यातला बुधवार धरला, १७ जानेवारी. बुधवार का? सोमवार कुणाचा उपवास, मंगळवारी गणपतीच्या गावात गर्दी, गुरुवारी चौघीजणी दत्ताच्या, शुक्रवारी लक्ष्मीच्या. बारा बायकांना एकत्र जेवायला बसवायचं तर वारांचा हिशेब आधी करावा लागतो. हे हॉटेलवाल्याला सांगून कळत नाही, आपणच बघायचं असतं. मंगळवारी रात्री निघायचं तर ती कर आली. दोघी-तिघी म्हणाल्या, करीला घर सोडू नये. आक्का म्हणाल्या, "करीच्या मढ्याला बसूंद्या घरी. बस रातची हाय, बारानंतर बुधवारच लागतोय."

आता समुद्राचं घड्याळ. हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. चढण्याला भरती, उतरण्याला ओहोटी. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास. आणि रोज ही वेळ पाऊण तासानं पुढं सरकते, कारण हे सगळं चंद्राच्या ओढीवर चालतं आणि चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो. कोकणातल्या माणसांकडं याचा एक सोपा हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला समुद्र भरलेला. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला नेमकी ओहोटी. अमावास्येलाही तसंच. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण जेवणाची वेळ ठरवायला पुरतं.

याचा आपल्या ताटाशी काय संबंध? आहे. वय झालेल्या माणसाला संध्याकाळी समुद्र दाखवायचा आणि आपण पौर्णिमा म्हणून हौसेनं गेलो, तर सूर्य बुडताना पाणी लांब गेलेलं असतं. मधे ओली वाळू आणि चिखल. गुडघे दुखणाऱ्या माणसानं तेवढं चालायचं कसं? सप्तमी-अष्टमीला संध्याकाळी पाणी आपणहून जवळ आलेलं असतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येची भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपासची भरती मवाळ असते, तिला भांगाची भरती म्हणतात. आमच्या १७ तारखेला पौष शुद्ध सप्तमी होती. साताची पाऊणपट सव्वापाच. सूर्य बुडायची वेळ सव्वासहाच्या आसपास. पाणी जवळ, लाट मवाळ, उजेड भरपूर. कालनिर्णय घेऊन बसलो तेव्हा हे जमून आलं आणि आम्हाला फारच आनंद झाला. शेतकऱ्याच्या घरात पंचांग बघून पेरणी ठरते, मग जेवण का ठरू नये?

मग गाव. गोवा, मालवण, गणपतीपुळे अशी तीन नावं निघाली.

गोव्याला नाही म्हणायला कारण होतं एसटी. राज्यात पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. आधार दाखवायचं, बस. आणि आपल्याला, म्हणजे सगळ्याच बायकांना, मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. शिवाय तिथल्या शॅकवर दारूही मिळते, आणि 'आपल्याला तिथं बसायला अवघडल्यासारखं होईल' असं नऊ जणींचं मत पडलं. उरलेल्या तिघी हसल्या, नावं सांगत नाही.

मग आपल्या महाराष्ट्रात तशी वाळूवरची हॉटेलं का नाहीत, असा प्रश्न एकीनं विचारला. चांगला प्रश्न आहे. भरतीची सगळ्यात वरची रेघ धरून तिच्यापासून जमिनीकडच्या पट्ट्यात बांधकामावर केंद्र सरकारची बंधनं आहेत. किनारा नियमन क्षेत्र म्हणतात त्याला, १९९१ पासून आहे ते. पक्कं बांधता येत नाही, म्हणून गोव्यात हंगामापुरतं उभं करतात आणि मोडतात. आपल्या सरकारनंही २०२० साली असंच धोरण आणलं आणि सुरुवातीला आठ किनारे धरले : रत्नागिरीत गुहागर आणि आरे-वारे, सिंधुदुर्गात कुणकेश्वर आणि तारकर्ली, रायगडमध्ये वरसोली आणि दिवेआगर, पालघरमध्ये केळवे आणि बोर्डी. एरवी आपल्याकडं 'समुद्राकाठचं हॉटेल' म्हणजे बहुतेक करून किनाऱ्यामागच्या नारळाच्या वाडीतली खानावळ, किंवा रस्त्यापलीकडचं हॉटेल. हे डोक्यात ठेवूनच फोन लावायचा, नाहीतर फसगत होते.

फसगत आमची आधी झालेली आहे. मागं एका किनाऱ्यावरच्या गावात आम्ही सहल नेली होती. पाटीवर लिहिलेलं 'सी व्ह्यू'. फोनवर विचारलं, "समुद्र दिसतो का?" ते म्हणाले, "दिसतो की!" जाऊन बघतो तर वरच्या मजल्यावरच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीशेजारी टाचा उंच करून उभं राहिलं की दोन माडांच्या फटीतून दिसायचा. आणि जिना असा की, मावशींना खालीच बसावं लागलं. खोटं ते बोलले नव्हते. आम्हीच प्रश्न चुकीचा विचारला होता.

म्हणून या वेळी प्रश्न बदलले. "ताटावर बसल्या बसल्या समुद्र दिसतो का, आणि मधे काय आहे, रस्ता, भिंत की गाड्या?" "रिक्षा कुठपर्यंत येते आणि तिथून किती पावलं?" पावलंच विचारायची. 'जवळच आहे' याला कोकणातही काही माप नाही, आपल्याकडंही नाही. "पायऱ्या किती? संडास खुर्चीचा आहे का?" हा प्रश्न विचारताना आधी लाज वाटायची. आता आम्ही तोच पहिला विचारतो. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला तिथं जाता आलं नाही तर ती दुपारपासून पाणी पिणं सोडते, आणि मग जेवणही गोड लागत नाही. आणि शेवटचं, "संध्याकाळी पाच वाजता आम्ही व्हिडिओ कॉल करतो, तुम्ही टेबलाशी उभं राहून दाखवाल का?" सात जणांना विचारलं, तिघांनी दाखवलं. उरलेल्यांचा राग नाही, धंद्याच्या वेळी कुणाला सवड नसते. पण निवड त्या तिघांतूनच झाली.

मालवण की गणपतीपुळे, यावर मात्र दोन बैठका गेल्या. मालवणचं नाव आलं माशांमुळं. आमच्यातल्या सात जणींना सुरमई खायची होती. आपल्याला ठाऊक ते मासे धरणातले, रोहू, कटला, मरळ. आक्का मात्र माळकरी. माशाच्या तव्यावरची भाकरीही चालायची नाही. सात जणी एकीकडं, आक्का एकीकडं, आणि वाढदिवस आक्कांचा. कुणी म्हणालं, एका जेवणासाठी सगळ्यांनी मन मारायचं का? हे बोलणं आक्कांच्या कानावर गेलं, आणि त्या म्हणाल्या, "मग मी येतच नाही. तुम्ही जावा." झालं. सहल मोडायलाच आली होती.

आक्कांच्या सुनेनं वाट काढली. तीही आमच्याच गटात आहे. ती म्हणाली, "आत्याबाईंचं जेवण एक आणि आपली सहल एक. दोन्ही एकाच ताटात कशाला कोंबायचं?" म्हणजे बुधवारी संध्याकाळचं जेवण आक्कांचं, निव्वळ शाकाहारी खानावळीत, जिथं मासा शिजतच नाही. आणि ज्यांना मासा खायचा त्यांनी गुरुवारी परत येताना रत्नागिरीत दुपारी खायचा, ज्यांचा वार नाही त्यांनी. तेव्हा आक्का बाकीच्यांबरोबर दुसरीकडं जेवतील. इतकं साधं होतं, पण दोन बैठका कुणाला सुचलं नाही. तुमच्याकडंही शाकाहारी-मांसाहारी असा पेच असेल तर 'दोन्ही मिळतं' अशा जागेवर विसंबू नका. तिथं तवा, तेल, पळी वेगळी आहे का, ते विचारा. हो म्हणाले तरी माळकऱ्याचं मन लागत नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. पहिल्यांदा खाताना सुरमई बरी, काटे कमी आणि मोठे. बांगडा चवीला चांगला पण जपून. आणि कोळंबी, तिसऱ्या कधीच खाल्ल्या नसतील तर एकदम ताटभर खाऊ नये, काहींच्या अंगाला खाज सुटते, ओठ सुजतात, मोठ्या ताटानं वाढदिवस दवाखान्यात जायचा. मेन्यूवर माशापुढं आकडा नसून 'साईजप्रमाणे' लिहिलेलं असेल, तर मासा आणि भाव दोन्ही आधी बघून मगच हो म्हणायचं.

आणि गणपतीपुळंच का, त्याला एक कारण आणखी होतं. ते आक्कांनी बसमध्ये सांगितलं, आधी नाही. १९९३ च्या भूकंपात त्यांचे मालक गेले. आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, २९ सप्टेंबरला गणपती बोळवले आणि ३० च्या पहाटे चार वाजायच्या आत सगळं पडलं. आक्का म्हणाल्या, "त्याला पाण्यात सोडून आलो आन् ती रात. तवापासून त्याच्यासंगं बोलणं राहिलंय." गणपतीपुळ्याचा गणपती पाण्याच्या काठावर, पश्चिमेकडं तोंड करून बसलेला आहे. त्याला कुणी बुडवत नाही.

आता पैसे. गटाच्या बचतीला, अंतर्गत कर्जाच्या रकमेला आम्ही हात लावला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण काही गटांत सहलीसाठी गटातून कर्ज घेतलेलं आम्ही पाहिलंय. जेवण एका संध्याकाळचं आणि हप्ता वर्षभर, असं करू नका. आम्ही अकरा जणींनी, म्हणजे आक्का सोडून, महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकले. अठरा महिने. १९,८०० रुपये झाले. त्यातले ५,००० फक्त त्या एका जेवणासाठी पाकिटात वेगळे. माणशी चारशेच्या थोडं वर. पाकीट वेगळं असल्यामुळं जेवताना कुणी मेन्यूच्या उजव्या बाजूला बघत नाही, हा त्याचा खरा फायदा.

बिलाबद्दल थोडं. साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी पाच टक्के असतो, पण तो लावणाऱ्याच्या बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असायला हवा. क्रमांक नसेल तर कर कसला, विचारायचं. सर्व्हिस चार्ज देणं सक्तीचं नाही, तसं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. बक्षिसी आपल्या खुशीची. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी लावलेला असावा लागतो. तक्रार करायची वेळ आली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. आम्हाला गरज पडली नाही. आगाऊ पैसे पाठवताना मात्र ज्याच्याशी बोललो त्याच्याच नावावर जातायत ना ते बघून, थोडेच पाठवायचे. आम्ही पाचशे पाठवले.

जेवणाचं आधी बोलून ठेवलं होतं. आक्कांना साखर आहे, खालचे दात नाहीत, आणि तिखट लागतं ते आपल्या काळ्या मसाल्याचं. कोकणातलं जेवण नारळाचं, आपल्या येसरच्या आमटीसारखं झणझणीत नाही. मऊ मात्र फार. आंबोळी, घावन, तांदळाची भाकरी, हे सगळं बिनदाताच्या माणसाला जमतं. सोलकढी म्हणजे नारळाचं दूध आणि आमसूल, पोटाला थंड. आणि उकडीचे मोदक. साखर असलेल्या माणसाला एक चालेल की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. एक म्हणाले. "बाहेरचं काही आणलं तर चालेल का?" हेही विचारलं होतं, कारण शेंगाची पोळी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही नेणारच होतो. खानावळीच्या वहिनी म्हणाल्या, "आणा की, आम्हालाही द्या."

राहिला प्रश्न ओवाळायचा. तो खरं म्हणजे सगळ्यात अवघड होता.

पंच्याहत्तरीला ओवाळतात. पण आक्का विधवा. आपल्याकडं त्यांना संक्रांतीच्या वाणाला बोलावत नाहीत, मग ओवाळणं कुठलं? गटात सरळ मतभेद होते. एक जण म्हणाली, "गावाबाहेर आहे, कोण बघतंय?" दुसरी म्हणाली, "कोण बघत नाही म्हणून करायचं असेल तर नको, मग ते चोरून केल्यासारखं होतं." कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हटलं, हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलेलं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण परिपत्रकाला मान डोलावणं वेगळं आणि ताट हातात घेणं वेगळं. आम्हीही त्यात आलो. शेवटी ठरलं की आक्कांनाच विचारायचं, आणि तिथं गेल्यावर विचारायचं.

बुधवारी दुपारी पोचलो. दर्शन झालं. आक्का गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या, आम्ही लांब थांबलो. देवळामागची टेकडी हाच देव मानतात, तिला प्रदक्षिणा आहे, पण ती लांब आहे, त्यांनी बसूनच हात जोडले. एक सांगायचं राहिलं : या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका. ओढ आहे, माणसं गेलेली आहेत, तसे फलक लावलेले आहेत. पोरं बरोबर असतील तर हे जेवणाच्या जागेइतकंच महत्त्वाचं. घोटाभर पाण्यात, हात धरून, तेवढंच.

पाच वाजता खानावळीत गेलो. वाडीच्या टोकाला टेबलं, पुढं बुटकं कुंपण आणि मग वाळू. रिक्षा थांबते तिथून आम्ही मोजली, अडुसष्ट पावलं. फोनवर सत्तर सांगितली होती. प्लॅस्टिकची खुर्ची वाळूत टेकवली की पाय रुततात आणि माणूस मागं कलंडतो, म्हणून वहिनींनी खुर्चीखाली फळी टाकून दिली. ही फळी तुम्हीही मागा, कुणी नाही म्हणत नाही. पाणी खरंच जवळ होतं. आक्का बघत बसल्या. पहिला घास घ्यायला त्यांना वीस मिनिटं लागली आणि कुणी वाढपी डोक्याशी येऊन उभा राहिला नाही.

समुद्रावर दिवसभर वारा पाण्याकडून जमिनीकडं येतो, कारण जमीन लवकर तापते. सूर्य बुडाल्यावर तो पडतो, आणि रात्री उलटा, जमिनीकडून पाण्याकडं वाहायला लागतो. मधे काही वेळ अगदी शांत असते. दिवा लावायचा, केक कापायचा तर तीच वेळ. आम्हाला हे खानावळीच्या वहिनींनी सांगितलं. आम्ही निरांजन आणलं होतं, त्यांनी वर काचेची चिमणी दिली, न जाणो म्हणून.

सुनेनं विचारलं, "आत्याबाई, ओवाळू का?"

आक्का काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं चुकलंच. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाट नव्हता म्हणून खुर्चीतच सरळ बसल्या. म्हणाल्या, "कुकू नको. माळ हाय गळ्यात, बुक्का लावा."

बुक्का कुणाकडंच नव्हता. समईची काजळी, उदबत्तीची राख, काय काय सुचवलं गेलं. शेवटी आक्कांनीच कनवटीची पिशवी सोडली, त्यात बुक्क्याची पुडी होती. सुनेनं तोच लावला. मग अकरा जणींनी एकेक करून ओवाळलं. सगळ्यात जास्त नको म्हणणारी होती, ती सगळ्यात शेवटी उठली, पण उठली. वहिनी आतून आल्या आणि त्यांनीही ओवाळलं. दिवा विझला नाही. चिमणी लागलीच नाही.

केक आणलाच नव्हता. शेंगाच्या पोळीचे तुकडे केले. ताट २२० रुपयांचं होतं, त्यात दोन मोदक. मोदक जास्तीचे घेतले, सोलकढी पुन्हा मागितली, बिल झालं ३,१८०. पाकिटात पैसे उरले, त्यातून वाढणाऱ्या दोन मुलींना दिले, आणि बाकीच्याचं काय करायचं यावर परतीच्या बसमध्ये भांडण झालं.

सप्तमीचा अर्धा चंद्र डोक्यावर होता. पाणी उतरायला लागलं तशी आक्कांनी विचारलं, "आता हे कुठं चाललं?" आम्ही म्हणालो, रात्री अकराला लांब जाईल, पहाटे परत येईल. त्या म्हणाल्या, "मग पहाटं उठवा मला." आणि ताटातला दुसरा मोदक सुनेच्या ताटात न टाकता उचलून तोंडात घातला. डॉक्टरांना सांगू नका.